हिरवे-काळे हात

पहाटे पाच. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला आमची वाडी. भाकरी फडक्यात बांधून आम्ही पिकअपची वाट बघतो. बिबट्याच्या धाकानं एकटी कुणी निघत नाही. आवणी लागली की घरचं भात, तोवर नारायणगावकडची टोमॅटोची तोडणी.

सात. वावरात दव असतं. टोमॅटोच्या पानादेठांवर बारीक लव असते, तिच्यातला चिकट रस बोटांना धरतो. आधी पिवळट, मग हिरवा, आणि दहा वाजेपर्यंत तळवा डांबरासारखा काळा. हातमोजे घालून पाहिले मी. आत घामानं हात भिजतो, आणि मुख्य म्हणजे फळ कळत नाही. हे टणक, हे आतून मऊ पडलंय, असं अंगठा डोळ्यांच्या आधी सांगतो. देठाच्या गाठीवर अंगठा ठेवून फळ वर मुरडायचं, अलगद सुटतं. ओढलं की फांदी मोडते आणि पुढचा तोडा जातो. लांबच्या बाजाराला नुकता रंग धरलेला माल, जवळच्याला लाल. ही निवड हातानंच होते, चालता चालता. वीस किलोचं कॅरेट भरलं की दुसरं.

एक वाजता जेवण. नुसत्या साबणानं हा काळेपणा जात नाही. तडकलेला टोमॅटो कुस्करून त्याच्या आंबट रसानं हात चोळायचे, मग साबण. डाग निघतो. फवाऱ्याचं मात्र काही दिसत नाही, म्हणून मी मालकाला आधीच विचारते, "दादा, औषध कधी मारलं?" फवारल्यावर किती दिवस थांबून तोडायचं ते औषधाच्या डब्यावर छापलेलं असतं. भाव चढला की ते दिवस कुणी मोजत नाही. जुलै 2023 मध्ये कॅरेट दोन हजारांवर गेलं होतं, तेव्हा एका वावरात आदल्या दिवशी फवारलेला माल आम्ही तोडला. माझ्या बोटांची सालं निघाली. तेव्हापासून उत्तर मिळाल्याशिवाय मी सरीत उतरत नाही, आणि बरोबरच्या पोरींनाही उतरू देत नाही.

चारला गाडी भरून बाजाराला जाते. आम्ही मजुरी मोजून घेतो.

सात. चुलीपाशी लेक माझा हात हुंगते. "आई, अजून वास येतोय." मी पुन्हा राखेनं हात घासते, धुते आणि पीठ मळायला घेते.