शाळेचा निकाल आणि शाळेतील मुले

वार्षिक परीक्षेची निकालपत्रके पुरी झाली की प्रत्येक वर्गापुढे सरासरीचा एक आकडा लिहिला जातो. त्या आकड्यावरून शाळा पुढे गेली की मागे पडली हे ठरते. गावात त्याची चर्चा होते, आणि शिक्षकाच्या वर्षभराच्या श्रमांचे मोलही बहुधा त्यावरूनच केले जाते. परंतु सरासरी ही मुलांची असते, आणि वर्गातील मुले दरवर्षी तीच नसतात. म्हणून उच्च प्राथमिक शाळेचा, म्हणजे इयत्ता ६ वी ते ८ वीचा, निकाल वाचताना त्या वर्गात कोणती मुले बसली होती हे प्रथम पाहावयास हवे.

एक काल्पनिक उदाहरण घ्यावे. एका शाळेत ७ वीचा पट ४० आहे. त्यांपैकी २४ मुले वर्षभर गावात राहतात. त्यांची सरासरी ६० गुण. उरलेली १६ मुले आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात. त्यांची सरासरी ३५. सर्व वर्गाची सरासरी ५० येते. पुढील वर्षी पाऊस ओढ धरतो. ७ वीचा पट ४०च असतो, पण गावात राहणारी मुले १६ आणि स्थलांतर करणारी २४ होतात. शिक्षक नेटाने शिकवितात. पहिल्या गटाची सरासरी ६२ आणि दुसऱ्याची ३८ होते. दोन्ही गट सुधारले. तरीही वर्गाची सरासरी ४७.६ वर उतरते. केवळ शेवटचा आकडा पाहणारा म्हणेल की शाळा घसरली. वस्तुतः शाळेचे काम सुधारले होते. बदलली होती ती वर्गाची घडण.

ही घडण कशाने ठरते हे ग्रामीण शिक्षकास सांगावयास नको. बीड जिल्ह्यातून फार मोठ्या संख्येने कुटुंबे गळीत हंगामात पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात ऊसतोडीसाठी जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. दिवाळीच्या सुमारास निघालेली टोळी उन्हाळ्याच्या तोंडाशी परतते. बारा-तेरा वर्षांचे मूल फडावर धाकट्या भावंडांना सांभाळते किंवा मोळ्या बांधू लागते. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याने ६ वी ते ८ वीसाठी वर्षाला किमान २२० दिवस व १,००० तास अध्यापन ठरवून दिले आहे. पाच महिने बाहेर राहणाऱ्या मुलाच्या वाट्याला त्यांतील निम्म्याच्या आसपासच दिवस येतात. दुसऱ्या सत्राचे धडे त्याने ऐकलेलेच नसतात. आणि परीक्षा मात्र त्याच धड्यांची होते. अशा मुलाचे अपयश बुद्धीचे नसून हजेरीचे आहे.

दुसरा भेद भाषेचा. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण ६९.३ टक्के होते. तेथील साक्षरता ६४.४ टक्के होती, तर साऱ्या राज्याची ८२.३ टक्के. अनेक घरांत भिलोरी, पावरी, मावची अशा बोली चालतात. पुस्तकातील मराठी अशा मुलाला परकी वाटते. त्याला गुणाकार-भागाकार येतो, पण शाब्दिक उदाहरणातील वाक्याचा अर्थ लागत नाही. तेच उदाहरण त्याच्या बोलीत समजावून सांगितल्यावर त्याने सोडविले, तर उणीव गणिताची नव्हे, भाषेची आहे हे उघड होते. दोन्ही उणिवांचे गुण सारखेच कापले जातात. उपाय मात्र अगदी वेगळे आहेत.

हा प्रश्न केवळ याच प्रदेशाचा नव्हे. अमेरिकेत १९६६ साली जेम्स कोलमन यांच्या नेतृत्वाखाली एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. तीत सुमारे ४,००० शाळा व सहा लाखांच्या आसपास विद्यार्थी होते. मुलांच्या प्रगतीचा संबंध शाळेच्या साधनसामग्रीपेक्षा घरच्या परिस्थितीशी अधिक निकटचा आहे, असे तीत आढळले. ‘मग शाळा काय करणार?’ असा निराशेचा सूर त्यातून अनेकांनी काढला. पण त्याच पाहणीचा दुसरा निष्कर्ष असा होता की, चांगल्या शिक्षकाचा परिणाम मागे राहिलेल्या समाजांतील मुलांवर अधिक होतो. पुढे २००२ साली तेथे अमलात आलेल्या कायद्याने शाळांना निकाल गटवार मांडणे भाग पाडले. गरीब घरची, भिन्न भाषा बोलणारी, अपंग अशा मुलांचे निकाल सरासरीच्या आड झाकले जाऊ नयेत, हा त्यामागील हेतू होता.

गावच्या शाळेत यासाठी मोठ्या साधनांची गरज नाही. निकालपत्रकाशेजारी एक साधी वही पुरेशी आहे. तीत प्रत्येक मुलाच्या नावापुढे हजर राहिलेले महिने, घरची भाषा, घरापासून शाळेचे अंतर आणि घरात शिकलेले कोणी आहे की नाही, एवढे लिहावे. मग गटवार सरासरी काढून ती गतवर्षीच्या त्याच गटाशी ताडून पाहावी. गट तीन-चार मुलांचाच असेल तर सरासरीवर विसंबू नये. तेथे प्रत्येक मुलाची उत्तरपत्रिकाच वाचावी. ही वही शिक्षकाच्या उपयोगासाठी आहे; तीतील नोंदी वर्गात वाचून दाखवू नयेत, अथवा त्यांवरून मुलांना वेगळे बसवू नये.

वहीचा खरा उपयोग पुढील जूनमध्ये व्हावयाचा आहे. जी मुले दिवाळीनंतर जाणार हे ठाऊक आहे, त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहाची मागणी वेळेवर करावी. जी जाणारच, त्यांच्या हाती शिक्षण हमी पत्रक द्यावे, म्हणजे कारखान्याजवळील शाळेस त्यांची पातळी कळेल. परतल्यावर बुडालेले धडे आधी शिकवावेत.

मुलांची परिस्थिती हे निकालाचे कारण असू शकते. ती शिक्षकाची सबब होऊ नये. सरासरीचा आकडा वरिष्ठांकडे जातो आणि तेथे त्याचे काम संपते. पण त्या आकड्यामागे जे मूल अर्धे वर्ष वर्गाबाहेर होते, त्याचे नाव केवळ पटावर राहिले की शिक्षणातही राहिले, हे शाळेतच ठरते.