दगडाला वाट देणारे कोळपे

माण, खटाव, पुरंदर, पारनेर या भागांत ज्यांनी शेती केली आहे, त्यांना मुरमाड रान म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. खाली काळा खडक, त्यावर वीतभर माती आणि त्या मातीत सुपारीपासून नारळाएवढे दगड. कितीही वेचून बांधावर टाकले तरी पुढच्या नांगरटीला आणखी वर येतातच. काळ्या रानात सरळ चालणारे कोळपे इथे दगडाला अडते. एक तर पास वाकते, नाही तर कोळपे उसळून शेजारच्या ओळीत शिरते आणि बाजरीची चार रोपे घेऊन जाते. मग कोळपे बांधाला टेकते आणि घरातल्या बायका खुरपी घेऊन दिवसभर ओणव्या बसतात.

पिकाचे खरे नुकसान होते ते पहिल्या महिना-दीड महिन्यातल्या तणाने. त्यात पावसाची उघडीप आणि वाफसा मिळतो तो मोजक्या दिवसांचा. खुरपणी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत तण गुडघ्याला लागते. म्हणून दगडाच्या रानात चालेल असे कोळपे कसे असावे, हा प्रश्न औजारांची आखणी करणाऱ्या माझ्यासारख्याला महत्त्वाचा वाटतो.

पहिले उत्तर बहुतेकांना सुचते ते असे, की पोलाद जाड लावा. पण जाड पोलादाने हिसका कमी होत नाही. तो फक्त पुढे सरकतो. पास वाकली नाही तर दांडी मोडते, दांडी टिकली तर बैलाच्या खांद्याला किंवा माणसाच्या मनगटाला मार बसतो. चालते औजार दगडाला आपटून दोन मिलिमीटरात थांबले, तर जो जोर बसतो, तो दोन सेंटिमीटरात थांबल्यावर सरासरी दहावा हिस्साच उरतो. थोडक्यात, औजाराला मागे सरायला जागा हवी.

ही युक्ती नवी नाही. 1876 साली दक्षिण ऑस्ट्रेलियात रिचर्ड बोयर स्मिथ यांनी असाच एक नांगर तयार केला. तिथे मॅली नावाची झाडे तोडली तरी त्यांचे बुंधे आणि मुळ्या जमिनीत राहत आणि नांगर मोडत. स्मिथ यांनी फाळ बिजागरीवर बसवला. बुंधा आला की फाळ उचलला जाई आणि अडथळा ओलांडला की वजनाने पुन्हा जमिनीत उतरे. बुंध्याच्या जागी आपला दगड ठेवला की आपला प्रश्न सुटायला लागतो.

आता कोळप्याकडे वळू. एका रुंद पासेऐवजी मी लहान लहान पाती घेतो, प्रत्येक आपापल्या दात्यावर. एकाला दगड लागला तर तेवढेच उचलले जाते, बाकीची तण कापत राहतात. पाती मागेपुढे बसवून त्यांच्या कडा दोन-तीन सेंटिमीटर एकमेकींवर येतील असे पाहायचे, नाही तर मधल्या पट्टीत तण तसेच उभे राहते. पात आडवे सरळ नको, बाणाच्या टोकासारखे मागे झुकलेले हवे. सरळ धार दगडाला पुढे ढकलत नेते, तिरकी धार त्याला बाजूला सारते. तणाची मुळीही तिरक्या धारेवर घसरत कापली जाते.

खोली तीन-चार सेंटिमीटर पुरे. जितके खोल जाल तितके दगड जास्त भेटतील. हातकोळप्याला पुढे मोठे चाक असावे. लहान चाक दगडाला अडते, मोठे त्यावरून सहज चढते.

पात्याला ट्रकच्या कमानीचा जुना पाटा चांगला. गावचा लोहार तो तापवून घडवू शकतो. पण पाणी दिल्यावर पुन्हा हलका शेक द्यायला सांगा. नुसते पाणी दिलेली धार दगडावर काचेसारखी तुटते आणि साधे लोखंड लगेच बोथट होते. बैलांच्या कोळप्याला दाता दोन ठिकाणी धरावा. वर फिरणारा बोल्ट आणि खाली लाकडी खुंटी. मोठा दगड आला की खुंटी मोडते, दाता मागे फिरतो आणि पात वाचते. अशा पाच-सहा खुंट्या खिशात ठेवल्या की झाले.

या कोळप्याने सगळे साधते असे मात्र नाही. ओळीतले, रोपाला चिकटलेले तण खुरप्यानेच काढावे लागते. लव्हाळा आणि हराळी नुसती कापून मरत नाहीत. त्यांच्या गाठी आणि कांड्या जमिनीतून पुन्हा फुटतात, त्या वेचूनच काढाव्या लागतात. बाकीच्या तणाला दोन-चार पाने असतानाच कोळपे घालावे. थांबलात तर औजार कितीही चांगले असले तरी हरते.

एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, असे जुने लोक म्हणतात. मुरमाड रानात ओल टिकत नाही, म्हणून त्या अर्ध्या पाण्याची गरज तिथेच सर्वांत जास्त. तुमच्या लोहाराकडे जाल तेव्हा दणकट कोळपे द्या, असे म्हणू नका. दगड आला तर बाजूला होईल असे द्या, एवढेच सांगा.