न शिजविलेलें अन्न आणि प्रथिनांचा हिशेब

शहरांत शिकावयास किंवा नोकरीस गेलेलीं आपलीं मुलें सुटींत घरीं येतांना अलीकडे एक नवें व्रत घेऊन येतात, असें बऱ्याच वाचकांच्या अनुभवास आलें असेल. चुलीवर चढलेलें कांहीं खावयाचें नाहीं आणि दूध, दहीं, तूप यांसही शिवावयाचें नाहीं, असें तें व्रत होय. घरांतील वडील मंडळी यावर एक तर हंसतात, नाहीं तर रागावतात. आमच्या मतें हे दोन्ही मार्ग सोडून हिशेबास बसावें. आमचें उभें आयुष्य सारा व बाकी यांचे आंकडे मांडण्यांत गेलें असल्यामुळें वाद जमाखर्चानें मिटवावा, अशी आम्हांस खोडच आहे.

स्नायू, रक्त, केस, त्वचा हीं ज्या द्रव्यानें बनतात व झिजलीं असतां भरून निघतात, त्यास प्रथिन म्हणतात. त्यांत वजनानें शेंकडा सुमारें 16 भाग नत्र असतें. द्विदल पिकें मुळांवरील गांठींतील सूक्ष्म जंतूंच्या साह्यानें हवेंतील नत्र घेतात, हें शेतकऱ्यास सांगावयास नको. त्यांच्या दाण्यांत प्रथिन अधिक सांठतें याचें इंगितही त्यांतच आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनें 2020 सालीं दिलेल्या प्रमाणाप्रमाणें प्रौढ माणसास दर किलो वजनामागें रोज 0.83 ग्रॅम प्रथिन पाहिजे. म्हणजे 60 किलो वजनाच्या गड्यास सुमारें 50 ग्रॅम. ही झाली मागणी.

आतां जमा पाहूं. केवळ फळें व भाजीपाला यांवर राहणारे येथेंच फसतात. 100 ग्रॅम केळ्यांत प्रथिन जेमतेम 1 ग्रॅम, काकडींत त्याहून कमी, पालेभाजींत 2 ते 4 ग्रॅम. नुसत्या केळ्यांवर भरती करावयाची तर रोज 4 किलोंहून अधिक केळीं खावीं लागतील! शिवाय घरचें अर्धा लिटर दूध बंद केलें कीं सुमारें 16 ग्रॅम जमेंतून उतरतात. ही तूट भरून काढणारी खरी जमा कडधान्यें, शेंगदाणे व तीळ यांत आहे.

आम्हीं मांडलेला रोजचा ताळा असा: मोड आणलेले मूग 60 ग्रॅम, त्यांचें प्रथिन 14 ग्रॅम, भिजवून वाटलेली हरभऱ्याची डाळ 50 ग्रॅम, तिचें 10, भिजविलेले शेंगदाणे 60 ग्रॅम, त्यांचें 15, तीळ 20 ग्रॅम, त्यांचें 4, ओलें खोबरें 50 ग्रॅम, त्याचें 2, पालेभाजी 200 ग्रॅम, तिचें 5, फळें अर्धा किलो, त्यांचें 4. एकूण 54. मूग, डाळ व दाणे यांचें वजन भिजविण्यापूर्वीं, कोरडें असतांनाच करावें. मोड आलेल्या मुगाचें वजन दुप्पट भरतें, पण ती वाढ पाण्याची असते, प्रथिनाची नव्हे. कडधान्यांत जो घटक उणा, तो तिळांत भरपूर. आणि तिळांत जो उणा, तो कडधान्यांत भरपूर. म्हणून दोन्ही घ्यावीं. कच्चें प्रथिन शिजविलेल्याइतकें पचत नाहीं, यासाठीं शेंगदाण्यांची आणखी एक मूठ वाढविणें बरें. हीं खाद्यें आपणांस परकीं नाहींत. चैत्रांतील हळदीकुंकवाची कैरी घातलेली डाळ, भिजविलेल्या मुगाच्या डाळीची कोशिंबीर, मेथीचा घोळाणा, हीं सर्व न शिजविलेलींच होत.

परंतु कच्चें खाण्यास प्रत्येक दाणा योग्य नाहीं. घरांत सोयाबीनचीं पोतीं आहेत व त्यांत प्रथिन सर्वांत अधिक आहे, म्हणून कोणी तें कच्चें खाऊं लागेल, तर तो पश्चात्ताप पावेल. कच्च्या सोयाबीनवर उंदरांची वाढ होत नाहीं व शिजविलेल्यावर होते, असें ऑस्बोर्न व मेंडेल या अमेरिकन संशोधकांस 1917 सालीं आढळलें. पचनास अडथळा करणारीं द्रव्यें उष्णतेनें नष्ट होतात, हें त्याचें कारण. राजमा तर कच्चा असतां विषारीच. मूठभर दाण्यांनींही ओकाऱ्या व जुलाब होतात. तो आणि पावटा चुलीवरच गेला पाहिजे.

पेरणीसाठीं आणलेलें, औषध चोळलेलें बियाणें मोड आणण्यास कदापि घेऊं नये. बुरसलेले शेंगदाणे निवडून फेकावे. त्यांतील अफ्लाटॉक्सिन हें विष यकृताचा घात करतें. मोड आणतांना पाणी व फडकें स्वच्छ असावें. 2011 सालीं जर्मनींत मेथीच्या मोडांतून जंतूंची सांथ पसरून 50 हून अधिक माणसें दगावलीं, ही गोष्ट सर्वांनीं ध्यानांत ठेवावी.

खुद्द महात्मा गांधींनीं 1929 सालीं मोड आलेले गहूं, वाटलेले बदाम, हिरवा पाला, लिंबें व मध यांवर राहून हा प्रयोग केला होता. त्यांच्यासारख्या निग्रही पुरुषासही आमांशाच्या विकारामुळें तो थोड्याच महिन्यांत सोडावा लागला. प्रयोग करणें जसें कमीपणाचें नाहीं, तसें प्रकृति मानवेना तर तो सोडणेंही कमीपणाचें नाहीं.

आमचा निष्कर्ष असा कीं, धडधाकट प्रौढ माणसास या आहारांतून पुरेसें प्रथिन मिळूं शकेल. मात्र तें आपोआप मिळणार नाहीं, रोज मोजून घ्यावें लागेल. बी-12 हें जीवनसत्त्व वनस्पतींपासून भरंवशानें मिळत नसल्यानें तें औषधरूपानें निराळें घ्यावें लागतें. वाढतीं मुलें, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया यांवर मात्र हें व्रत कोणीही लादूं नये; त्यांच्या तुटीची भरपाई पुढील सालीं करतां येत नाहीं.

ज्यांच्या घरीं असा व्रतस्थ असेल, त्यांनीं त्याच्याशीं वाद न घालतां तराजू त्याच्या हातीं द्यावा, महिन्यास एकदां त्याचें वजन करावें, आणि येत्या खरिपांत विहिरीजवळचा एखादा तुकडा घरच्या मुगास व तिळास राखून ठेवावा. व्रत टिकलें तर तें धान्य त्याच्या कामीं येईल. मोडलें तर घरच्या आमटीस व संक्रांतीच्या तिळगुळास उपयोगी पडेल.