फवारणीची विषबाधा : दवाखान्यात आणि घरी आल्यावर



फवारणी करताना विषबाधा होऊ नये म्हणून कोणती काळजी घ्यावी, हे आपण कार्यक्रमात दर हंगामात ऐकता. हातमोजे, तोंडाला फडके, वाऱ्याची दिशा, रिकाम्या पोटी पंप उचलू नये, हे एव्हाना पाठ झाले असेल. पण विषबाधा झालीच, माणूस सरकारी दवाखान्यात गेला आणि वाचला, तर पुढे काय? याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. या पत्रकात तेवढेच सांगायचे आहे.

एका कपाशीच्या हंगामातली गोष्ट. आमच्या तालुक्यातला एक तिशीतला मजूर रोजाने फवारणी करायचा. एका दिवशी पंधरा पंप मारल्यावर त्याला घाम सुटला, उलट्या झाल्या. ग्रामीण रुग्णालयात नेले, इंजेक्शने दिली, तिसऱ्या दिवशी बरे वाटू लागले. डॉक्टर थांब म्हणत होते, पण हंगाम होता, रोज बुडत होता. कागदावर सही करून तो घरी आला आणि सहाव्या दिवशी पुन्हा पंप पाठीवर घेतला. त्या दिवशी त्याने मारले फक्त चार पंप. दुपारी धुऱ्यावर आडवा झाला तो या खेपेस जिल्ह्याच्या रुग्णालयात अकरा दिवस राहिला. त्यातले चार दिवस श्वासाच्या यंत्रावर. त्याच्या बायकोने मला विचारले, "साहेब, पंधरा पंपांनी झालं नाही ते चार पंपांनी कसं झालं?"

प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर समजले की डॉक्टर लवकर सोडत का नाहीत, हेही समजते.

कपाशीवर मारली जाणारी प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस, ॲसिफेट ही औषधे सेंद्रिय स्फुरद गटातली. दवाखान्यात त्यांच्या विषबाधेला ओपी पॉयझनिंग म्हणतात. हे विष अंगात काय करते ते आपल्या ओलिताच्या भाषेत सांगतो. पाटाचे पाणी वाफ्यात सोडले आणि वाफा भरला की दारे धरणारा गडी माती ओढून बारे बंद करतो, पाणी पुढे मोडतो. आपल्या अंगातही तसेच आहे. मज्जातंतू स्नायूला किंवा ग्रंथीला निरोप देतो तो एका रसामार्फत. निरोप पोचला की तो रस लगेच मोडून टाकायला एक गडी लागतो. त्याचे नाव कोलिनेस्टरेज. हे विष नेमके त्या गड्याचे हात बांधते. मग बारे उघडेच राहते आणि वाफा तुंबतो. म्हणून घाम, लाळ, डोळ्यांतून पाणी, उलट्या, जुलाब, कपड्यात लघवी, आणि सर्वांत वाईट म्हणजे छातीत कफाचे पाणी. डोळ्यांची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी बारीक होते, दंडा-मांडीचे मांस आपोआप उडत राहते.

आता उपचार पाहा. ॲट्रोपिनचे इंजेक्शन वाफ्यातले पाणी आटवते. छाती कोरडी होते, श्वास मोकळा होतो. पण गड्याचे हात ते सोडवत नाही. हात सोडवण्यासाठी पाम नावाचे दुसरे औषध आहे. ते वेळेत दिले तर उपयोग होण्याची शक्यता असते, उशीर झाला की गाठ पक्की बसते. मग शरीराला नवे गडी तयार करावे लागतात. ते काम फार सावकाश चालते. रक्तातल्या तांबड्या पेशींवरचे हे गडी दिवसाला साधारण एक टक्का या हिशेबाने भरून येतात. म्हणजे पुरते पूर्ववत व्हायला जवळजवळ तीन महिने. माणूस आठ दिवसांत हिंडू-फिरू लागतो, जेवतो, हसतो, पण आत गडी निम्म्याहून कमी असतात. अशा वेळी चार पंपांचे विषही पंधरा पंपांसारखे लागते. त्या बाईच्या प्रश्नाचे उत्तर हे.

पहिल्या तासाबद्दल थोडक्यात. अंगावरचे कपडे सगळे काढा. साबण आणि भरपूर पाण्याने अंग, केस, कानामागे, नखांत धुवा. धुणाऱ्याने हातात मोजे किंवा प्लॅस्टिकची पिशवी घालावी. दूध, तूप, मिठाचे पाणी पाजू नका, बोटे घालून उलटी काढू नका. शुद्ध नसेल तर डाव्या कुशीवर निजवा. १०८ ला फोन करा, गाडी मोफत आहे. गाडीला वेळ लागणार असेल तर जे वाहन मिळेल त्याने जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात न्या. ॲट्रोपिन तिथेही असते. पहिले डोस तिथे घेऊन पुढे जाणे हे थेट शहर गाठण्यापेक्षा बरे.

सोबत औषधाचा डबा न्या. एका पंपात दोन-तीन औषधे मिसळली असतील तर सगळ्यांचे डबे. लेबलवर औषधाचे नाव, रंगीत त्रिकोण आणि विषबाधेवरील उतारा छापलेला असतो. हे का महत्त्वाचे, तर प्रत्येक कीटकनाशक ओपी गटाचे नसते, आणि काहींना उतारा नावाची गोष्टच नाही. त्यात लक्षणे सांभाळत राहावे लागते. डॉक्टर डबा पाहून ठरवतात. त्रिकोण लाल म्हणजे अति विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. हिरवा त्रिकोण म्हणजे निर्धोक, असा समज काही गावांत आहे. तो काढून टाका.

दवाखान्यात खरे सांगा. पोलिसांची नोंद होते म्हणून काही घरचे लोक "काहीतरी खाण्यात आलं" असे सांगतात आणि अर्धा दिवस भलत्याच उपचारात जातो. विषबाधेची नोंद पोलिसांकडे जाणे हा दवाखान्याचा नियम आहे, तो गुन्हा नव्हे. आधी उपचार, मग जबाब. जबाबात फवारणी कोणाच्या शेतात, केव्हापासून, किती पंप आणि कोणते औषध, हे जसे घडले तसे सांगावे. पुढे हाच कागद उपयोगी पडतो.

आता वॉर्डातले दिवस. इथे नातेवाईक घाबरतात, आणि घाबरून रुग्णाला उचलून नेतात, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो.

पहिल्या दिवशी ॲट्रोपिनची डझनावारी इंजेक्शने लागू शकतात. त्याने तोंड सुकते, चेहरा लाल होतो, नाडी जोरात चालते, लघवी अडते, डोळ्यांपुढे अंधुक दिसते. कधी कधी रुग्ण बरळतो, चादर ओढतो, हवेत काहीतरी वेचल्यासारखे करतो. घरचे म्हणतात, याचे डोके फिरले. बहुधा ते औषधाच्या मात्रेमुळे असते. नर्सताईंना सांगा, डॉक्टर मात्रा कमी-जास्त करतात. स्वतः सलाइन बंद करू नका. तोंड सुकले म्हणून भराभर पाणी पाजू नका, विचारून पाजा. रुग्ण बरळत असताना एक माणूस सतत जवळ हवा, कारण तो पलंगावरून उठून पडतो.

खरा धोक्याचा काळ नंतर येतो. साधारण पहिल्या चोवीस तासांनंतर ते चौथ्या दिवसापर्यंत, म्हणजे घाम-लाळ थांबून "आता बरा आहे" असे सर्वांना वाटत असते तेव्हा, काही रुग्णांचे मानेचे आणि छातीचे स्नायू ढिले पडतात. याची खूण अगदी सोपी आहे आणि ती तुम्ही स्वतः पाहू शकता. रुग्णाला उताणे निजवून उशीवरून डोके उचलायला सांगा. उचलता येत नसेल, बोलताना दम लागत असेल, घोट गिळता येत नसेल, तर त्या क्षणी नर्सला किंवा डॉक्टरांना बोलवा, रात्रीचे दोन वाजले असले तरी. अशा रुग्णाला श्वासाचे यंत्र लागू शकते. लहान रुग्णालयात ते नसते, म्हणून डॉक्टर जिल्ह्याला पाठवतात. "इथे काही करत नाहीत, पुढे ढकलतात" असे म्हणू नका. आमच्या तालुक्यातला तो मजूर तिसऱ्या दिवशी घरी आला होता, म्हणजे नेमका या काळात. पहिल्या खेपेला तो सुखरूप राहिला हे नशीब म्हणायचे.

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने सुमारे वीस शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जण दवाखान्यात भरती झाले, हे आपणांस ठाऊक आहेच. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, फवारा पानांऐवजी माणसाच्या अंगावर येत होता. पीक छातीच्या वर गेले की पाठीवरच्या पंपाने फवारणी करू नये, असे मी सांगतो तेव्हा लोक हसतात. हसोत.

खर्चाचे म्हणाल तर राज्याच्या आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर, तपासण्या आणि उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये वेगळ्या खात्याकडे असल्याने त्यांना तो निर्णय लागू झाला नाही. तिथे रेशनकार्ड आणि आधारकार्ड जवळ ठेवा आणि जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी भेटा.

सुटी मिळाली की घरी काय करायचे? आधी तो फवारणीचा जोड शोधा. बहुतेक घरांत तो खुंटीला तसाच लटकत असतो. तो घरच्या धुण्यात मिसळू नका. औषध मुरलेला असेल तर टाकूनच द्या. जेवण नेहमीचे, हलके, थोडे थोडे. दारू बंद. खर्रा सुटत नसेल तर निदान हात धुऊन खा, कारण औषधाचे बोट तोंडात जाण्याचा तो राजमार्ग आहे. नजर अंधुक असेपर्यंत मोटारसायकल आणि ट्रॅक्टर नको. पहिले पंधरा दिवस घरापुरते हिंडणे, पुढे डॉक्टरांच्या सल्ल्याने हलकी कामे.

दोन-तीन आठवड्यांनी पोटऱ्यांत पेटके आले, पायाला मुंग्या आल्या, चालताना पाऊल लोंबू लागले किंवा चप्पल पायातून निसटू लागली, तर तो थकवा समजू नका. काही औषधांनी पायांच्या नसांवर उशिरा परिणाम होतो. डिस्चार्ज कार्ड घेऊन पुन्हा दवाखान्यात जा. झोप न लागणे, विसरणे, चिडचिड, उदास वाटणे हेही काही आठवडे चालू शकते. घरच्यांनी त्यावरून टोमणे मारू नयेत, आणि औषधाचे डबे कुलपात ठेवावेत. मन फारच खचले असेल तर टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते.

आणि पंप? निदान महिनाभर पंपाला हात नाही, आणि त्यानंतरही डॉक्टरांनी तपासून हो म्हटल्याशिवाय नाही. पाठीवर पंप न घेता नुसते औषध मोजून देणे, टाकीत ढवळणे, हेसुद्धा नाही. मोजताना औषध सर्वांत तीव्र असते. दुसऱ्याने फवारलेल्या वावरातही दोन-तीन दिवस शिरू नये. मोठ्या रुग्णालयात कोलिनेस्टरेजची रक्ततपासणी होते का ते विचारा.

"मग फवारणी कोण करणार?" हा प्रश्न येणारच, आणि तो खोटा नाही. माझे सांगणे असे की, आधी फवारणीची गरज आहे का ते पाहा. गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग सापडले किंवा शेकड्याला दहा फुले-बोंडे किडलेली दिसली, तर फवारणी. त्याखाली असेल तर थांबता येते. सुरुवातीच्या रसशोषक किडींना पाच टक्के निंबोळी अर्क पुष्कळदा पुरतो. आणि गरज असेलच तर सावडीने करा. आज तुमच्या वावरात शेजारी, पुढच्या महिन्यात त्याच्या निंदणात तुमच्या घरचे. एका आजारी माणसाची फवारणी गावाने वाटून घेतलेली मी पाहिली आहे.

कागदांचे एवढे लक्षात ठेवा. विषबाधेने कायमचे अपंगत्व आले किंवा मृत्यू झाला, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत कीटकनाशके हाताळताना झालेली विषबाधा धरली जाते. मृत्यू झाल्यास मदत २ लाख रुपये. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे, दिवस न दवडता. पण ही योजना सातबाराधारक शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातील एका व्यक्तीसाठी आहे. रोजाने फवारणाऱ्या भूमिहीन मजुराचे नाव कुठल्याच उताऱ्यावर नसते, आणि पंप मात्र बहुतेक वेळा त्याच्याच पाठीवर असतो. हे मला बरोबर वाटत नाही, बैठकीत बोललोही आहे. तोवर मालक मंडळींनी निदान त्याचे बुडालेले रोज भरून द्यावेत, म्हणजे तो सहाव्या दिवशी पंप उचलणार नाही.

केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, पोलिस जबाबाची प्रत आणि औषधाच्या खरेदीची पावती एका पिशवीत ठेवा. मूळ कागद कोणाच्या हाती देऊ नका, झेरॉक्स द्या. अडचण आली तर आपल्या गावच्या सहाय्यक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचे कृषी सहायक) भेटा किंवा कार्यक्रमाच्या पत्त्यावर पत्र टाका. पत्रात औषधाचे नाव लेबलवर आहे तसेच लिहावे, नुसते "लाल डब्याचं औषध" असे लिहू नये. मागच्या महिन्यात तशी तीन पत्रे आली आणि तिन्ही डबे वेगळे निघाले.