पेट्रोलचा ऑक्टेन-अंक



आमचें नांदुरा गांव मुंबईहून नागपूरमार्गें कलकत्त्यास जाणाऱ्या हमरस्त्यावर आहे. येथील पेट्रोल-पंपावर घटकाभर उभें राहिलें म्हणजे एक प्रश्न हटकून कानीं येतो, 'साधें घालूं कीं भारी?' जें महाग तें अधिक जोमदार, ही समजूत सार्वत्रिक आहे. मीहि तिचा बळी होतों. एका वैशाखांत मोताळ्याहून बुलढाण्यास जातांना राजूर घाटांत माझी जुनी मोटार खडखडूं लागली. शेजाऱ्यांच्या सल्ल्यानें पुढें कित्येक महिने मीं पेन्शनींतून भारी पेट्रोल विकत घेतलें. आवाज थोडा उतरला. गेला मात्र नाहीं.

तो आवाज कसला? इंजिनाच्या नळकांड्यांत पेट्रोलची वाफ व हवा यांचें मिश्रण दट्ट्यानें दाबलें जातें, व मग प्लगची ठिणगी त्यास पेटवते. गवताच्या गंजीस एका टोंकाला आग लावली असतां ती क्रमाक्रमानें पसरते, तशी ज्योत पसरावी हें इष्ट. परंतु दाब व उष्णता फार वाढल्यास ज्योत पोहोंचण्यापूर्वींच उरलेलें मिश्रण आपोआप एकदम भडकतें आणि दट्ट्यावर हातोड्यासारखा घाव बसतो. असे घाव फार दिवस बसत राहिले तर दट्ट्यास भोंकहि पडतें. हा अकाली भडका न होऊं देण्याची पेट्रोलची जी सहनशीलता, तिचें माप म्हणजे ऑक्टेन-अंक. आयसो-ऑक्टेन नांवाच्या द्रवास १०० व हेप्टेन नांवाच्या द्रवास ० गुण देऊन हें माप ठरविलें आहे. जणूं परीक्षेचेच गुण! एके काळीं हा अंक वाढविण्यासाठीं पेट्रोलमध्यें शिशाचें संयुग घालीत. तें विषारी असल्यामुळें आपल्या देशांत २००० सालीं बंद झालें.

आतां मुख्य मुद्दा. हा अंक सहनशीलतेचा आहे, शक्तीचा नव्हे. याचें उत्तम प्रत्यंतर उसापासून व धान्यापासून निघणाऱ्या मद्यार्कांत, म्हणजे इथेनॉलमध्यें, मिळतें. त्याचा अंक शंभराहून अधिक. पण एक लिटर मद्यार्कापासून मिळणारी उष्णता एक लिटर पेट्रोलच्या सुमारें दोन-तृतीयांशच! इंधनांत मद्यार्क मिसळण्याचा विचार आपल्याकडे नवा नाहीं. त्याविषयींचा कायदा १९४८ सालींच झाला होता. हल्लीं साध्या पेट्रोलमध्यें तो २० टक्के असतो. त्यामुळें पूर्वीं ९१ असलेला अंक ९५ वर गेला, आणि लिटरमागें उष्णता मात्र सहा-सात टक्के घटली. गुण वाढले आणि मैल घटले, ही तक्रार यामुळेंच ऐकूं येते.

मग शंभर अंकाचें पेट्रोल कोणासाठीं? इंडियन ऑईलनें तें डिसेंबर २०२० मध्यें दिल्ली, मुंबई, पुणें इत्यादि दहा शहरांत विक्रीस आणलें. ज्या इंजिनांत मिश्रण फार दाबलें जातें, किंवा टर्बोनें हवा कोंबली जाते, त्यांनाच त्याचा खरा उपयोग. गाडीच्या पुस्तिकेंत जो अंक छापलेला असेल तो पुरेसा. ९१ मागणाऱ्या गाडीस त्याहून वरच्या अंकानें बळ चढत नाहीं.

दोन प्रतींचें पेट्रोल एकत्र झाल्यास अपाय होतो काय? मुळींच नाहीं. टांकींत ९५ अंकाचें २४ लिटर असतांना १०० अंकाचें ६ लिटर घातलें तर मिश्रणाचा अंक सरासरीच्या हिशेबानें सुमारें ९६ होईल. एका अंकासाठीं पैसे किती मोजले तें ज्याचें त्यानें पाहावें. रॉकेलची भेसळ मात्र घातक. तिनें अंक झपाट्यानें खालीं येतो. तसेंच जुन्या गाडीच्या रबरी नळ्या मद्यार्कानें लवकर झिजूं शकतात, म्हणून त्या मिस्त्रीकडून तपासून घ्याव्या.

माझ्या खडखडीचा उलगडा अशाच एका मिस्त्रीनें केला. शेजारीं बसून त्यानें मला घाट चढावयास लावला. मीं गाडी तिसऱ्या गिअरमध्यें रेटीत होतों. वेग मंद आणि इंजिनावर ओझें जबर. तो म्हणाला, "गुरुजी, पेट्रोल बदलण्याआधीं गिअर बदला." दुसरा गिअर टाकतांच आवाज थांबला. आतां मी साधेंच पेट्रोल घेतों, आणि राजूर घाटाचा चढ लागण्यापूर्वींच दुसऱ्या गिअरवर येतों.