पडद्यावरचे हेर – भाग ६ : एजंट ११६ नेमका कोणाचा?

१९७३ साली दोन हेरांचे चेहरे बदलले. लंडनचा जेम्स बाँड शॉन कॉनरीकडून रॉजर मूरकडे गेला आणि मुंबईचा एजंट ११६ जितेंद्रकडून धर्मेंद्रकडे. पहिल्या बदलावर जगभर रकानेच्या रकाने लिहिले गेले, अजूनही लिहिले जातात. दुसरा बदल मात्र आपल्याकडे जवळपास कोणाच्या ध्यानातच राहिला नाही. गेल्या आठवड्यात इयान फ्लेमिंगच्या कादंबऱ्यांपाशी आपण थांबलो होतो. तिथून पुढे सरळ बाँडच्या नटांची तुलना करता आली असती, पण आज आपल्या घरच्या हेरापासून सुरुवात करतो. तो त्या मानाचा धनी आहे.

या हेराचं नाव गोपाळ. १९६६ साली तेलुगूत ‘गुढाचारी ११६’ आला. नायक होता कृष्णा, आणि या चित्रपटाने त्याला ‘आंध्रचा जेम्स बाँड’ अशी ओळख मिळवून दिली. पुढच्याच वर्षी रविकांत नगाइच यांनी त्याच कथेवर हिंदीत ‘फर्ज’ काढला. नगाइच मुळात कॅमेरामन, तेलुगू पौराणिक चित्रपटांत चमत्काराची दृश्यं घडवण्यात हात बसलेला माणूस. देवदेवतांसाठी वापरलेली ती सगळी करामत त्यांनी गुप्तहेराच्या कामाला लावली. एजंट ३०३चा खून होतो, त्याचा माग काढायला ११६ नंबरचा गोपाळ निघतो आणि तपासाचा धागा देशाबाहेरच्या शत्रूपर्यंत पोचतो. १९६२ आणि १९६५ अशी दोन युद्धं पाहिलेल्या प्रेक्षकाला हा शत्रू कोण, हे समजावून सांगावं लागत नव्हतं.

गोपाळ झाला जितेंद्र. त्याचं खरं नाव रवी कपूर, जन्म अमृतसरचा, पण वाढला गिरगावच्या चाळीत. वडिलांचा व्यवसाय चित्रपटांना खोटे दागिने पुरवण्याचा. त्या निमित्ताने पोरगा व्ही. शांताराम यांच्याकडे पोचला, ‘नवरंग’मध्ये किरकोळ कामं करू लागला आणि १९६४ साली शांतारामांनीच त्याला ‘गीत गाया पत्थरों ने’मध्ये नायक केलं. म्हणजे हिंदीतला हा हेर घडला तो एका मराठी दिग्दर्शकाच्या तालमीत. ‘फर्ज’ आला तेव्हा तो पंचविशीत होता. दुकानातून आणलेले पांढरे बूट आणि टी-शर्ट घालून तो ज्या गाण्यात नाचला, त्या गाण्याने त्याला आयुष्यभराची ओळख दिली. इथे बाँडशी असलेला फरक लगेच डोळ्यांत भरतो. ‘डॉ. नो’मधला कॉनरी बत्तिशीत शिरलेला, जुगाराच्या टेबलाशी बसून सिगारेट पेटवत स्वतःचं नाव सांगणारा. त्याच्या नुसत्या बसण्यात धाक आहे. जितेंद्रच्या गोपाळमध्ये धाक औषधालाही नाही. तो कॉलेजातल्या मुलासारखा उड्या मारतो, नायिकेची खोड काढतो, आणि मारामारीची वेळ आली की त्याच चपळाईने भिडतो. जितेंद्रकडे कॉनरीचं वजन नाही म्हणून ‘फर्ज’ला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. त्या गोपाळचं बळ हलकेपणातच आहे. हा पोरगा हेर असेल असं कोणाला वाटणारच नाही, आणि हेराला याहून जास्त काय हवं?

१९७३च्या ‘कीमत’मध्येही दिग्दर्शक नगाइचच आहेत, हेर गोपाळच आहे, नंबरही ११६ आहे. फक्त माणूस धर्मेंद्र आहे. त्याने १९६८ साली रामानंद सागर यांच्या ‘आँखें’मध्ये हेराचं काम करून दाखवलेलं होतं, त्यामुळे ही निवड चमत्कारिक नव्हती. पण पात्राची जातच बदलली. इथे तपास आहे मुली पळवून विकणाऱ्या टोळीचा, म्हणजे विषयच जड. धर्मेंद्रचा गोपाळ दार उघडून खोलीत आला की तो मार खाणार नाही, देणार आहे, हे आपल्याला आधीच कळतं. त्यामुळे दरारा वाढतो आणि हुरहूर कमी होते. मला विचाराल तर माणूस म्हणून धर्मेंद्र भारी, हेर म्हणून जितेंद्र.

आता कल्पनेच्या प्रांतात शिरू. ‘असं झालं असतं तर’ हा खेळ खेळायचा, तर त्याला एक नियम हवा. इतिहासात खरोखर घडता घडता राहिलेली एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सगळं जसंच्या तसं ठेवायचं. हा नियम पाळला की खेळाचा अभ्यास होतो. नुसतं ‘बाँड दिलीप कुमार असता तर’ म्हणण्यात करमणूक आहे, पण त्यातून कळत काहीच नाही.

बाँडच्या इतिहासात अशा जागा बऱ्याच आहेत. १९६७च्या ‘यू ओन्ली लिव्ह ट्वाइस’नंतर कॉनरीने भूमिका सोडली. मग ऑस्ट्रेलियाचा मॉडेल जॉर्ज लेझनबी आला, अभिनयाचा अनुभव जवळजवळ शून्य. १९६९च्या ‘ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस’मध्ये बाँड लग्न करतो आणि लग्नाच्याच दिवशी त्याची बायको गोळीने मरते. रस्त्याकडेच्या गाडीत तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलेला लेझनबी पाहा. तो रडत नाही, समोर आलेल्या पोलिसाला सांगतो की ती विश्रांती घेते आहे. ते दृश्य कॉनरीलाही इतकं साधलं असतं का, याची मला शंका आहे. पण बाँडचे दिवस आता संपले, असा सल्ला लेझनबीला मिळाला आणि पुढचे चित्रपट समोर असताना त्याने पाठ फिरवली. निर्मात्यांनी अमेरिकन नट जॉन गॅव्हिनशी करारही केला होता. तेवढ्यात साडेबारा लाख डॉलरवर कॉनरी परत आला आणि ते पैसे त्याने स्कॉटलंडमधल्या शिक्षणाच्या ट्रस्टला देऊन टाकले.

लेझनबी राहिला असता तर? १९७१चा ‘डायमंड्स आर फॉरेव्हर’ हा बायकोच्या खुनाचा सूड घेणाऱ्या माणसाचा चित्रपट झाला असता. प्रत्यक्षात कॉनरी आल्यावर ते दुःख सुरुवातीच्या काही मिनिटांत मिटवून टाकलं गेलं. बाँड दुखावलेला माणूस आहे ही कल्पना मग टिमथी डाल्टनपर्यंत जवळपास झोपून राहिली आणि डॅनियल क्रेगच्या २००६च्या ‘कसिनो रॉयल’मध्ये पुरती जागी झाली. म्हणजे एका माणसाच्या नकाराने अख्खी मालिका पस्तीस-एक वर्षं दुसऱ्या वाटेने गेली. मूर कॉनरीपेक्षा तीन वर्षांनी मोठा. त्याला बाँडचं दुःख पेलण्यात रस नव्हता, भुवई उंचावून हसवण्यात होता, आणि त्याने ते १९८५पर्यंत सात चित्रपटांत उत्तम केलं. पण ती वाट मुळात उघडली ती लेझनबी गेला म्हणून.

दुसरी जागा १९८६ची. पिअर्स ब्रॉस्ननची निवड झाली होती. त्याची ‘रेमिंग्टन स्टील’ ही दूरचित्रवाणी मालिका बंद पडलेली. बाँडची बातमी फुटताच लोकांचं कुतूहल वाढलं, वाहिनीने कराराची मुदत संपायच्या आत मालिका पुन्हा सुरू केली आणि ब्रॉस्ननच्या हातचा घास गेला. डाल्टनला १९८७ आणि १९८९ असे दोन चित्रपट मिळाले, मग हक्कांच्या भांडणात सहा वर्षं वाया गेली. ब्रॉस्नन १९९५ साली आला. तो आठ वर्षं आधी आला असता, तर त्या कोर्टकचेरीच्या दुष्काळात बहुधा तोच खर्ची पडला असता आणि ‘गोल्डनआय’मधून मालिका सावरायला वेगळाच माणूस शोधावा लागला असता. ब्रॉस्ननचं ते दुर्दैव मालिकेच्या पथ्यावर पडलं, असं माझं मत आहे.

हीच फूटपट्टी गोपाळला लावून बघू. १९७३च्या मे महिन्यात ‘जंजीर’ आला. सलीम-जावेदची ती कथा आधी धर्मेंद्रकडे होती, हे जगजाहीर आहे. बदलायची गोष्ट एवढीच : धर्मेंद्र ‘जंजीर’ करतो. मग त्या वर्षी ‘कीमत’ला वेळ देणं त्याला जड गेलं असतं आणि गोपाळ कदाचित जितेंद्रकडेच राहिला असता. पण जितेंद्रही आता ‘फर्ज’चा पोरगा राहिला नव्हता. १९७२ साली गुलजार यांच्या ‘परिचय’मध्ये त्याने चष्मा आणि मिशी लावून शिकवणी घेणारा शांत तरुण उभा केला होता. त्या संयमासकट तो ११६ म्हणून परतला असता, तर आपल्याला उड्या मारणारा आणि तरीही विचार करणारा हेर मिळाला असता. ‘जंजीर’ने मात्र काहीही झालं तरी एक काम केलंच असतं. शत्रू सीमेपलीकडे नाही, आपल्याच शहरात पांढरे कपडे घालून हिंडतो आहे, हे प्रेक्षकाला पटलं. तस्कर आणि काळाबाजारवाला आल्यावर परदेशी शत्रूमागे धावणाऱ्या हेराची निकड उरली नाही. हिंदीतली हेरपटांची लाट ओसरली याचं मोठं कारण मला हेच वाटतं, नटांची अदलाबदल नव्हे.

तरी नगाइचनी हार मानली नाही. १९७९च्या ‘सुरक्षा’त आणि १९८१च्या ‘वारदात’मध्ये त्यांनी मिथुन चक्रवर्तीला गनमास्टर जी-९ केलं. आणि १९८२च्या ‘रक्षा’त गोपाळ परत आला, पुन्हा जितेंद्रच्याच रूपात. पुढच्याच वर्षी कॉनरीही ‘नेव्हर से नेव्हर अगेन’मध्ये बाँड म्हणून परतला, तोही मूरच्या ‘ऑक्टोपसी’समोर. दोन्ही हेरांची गाडी एकाच वेळापत्रकावर धावत होती. फरक असा की बाँड पुढेही चालू राहिला आणि गोपाळ तिथेच थांबला. १९८३ साली ‘हिम्मतवाला’ आला आणि जितेंद्रचा रस्ता दक्षिणेकडे वळला. हा चित्रपट काढला होता पद्मालयाने, म्हणजे कृष्णाच्याच घरच्या संस्थेने, आणि मूळ तेलुगू चित्रपटात नायक होता कृष्णाच. ‘फर्ज’पासून ‘हिम्मतवाला’पर्यंत जितेंद्र कृष्णाच्या पावलांवर पाऊल टाकत आला. हे नातं मी जेव्हा पहिल्यांदा जुळवलं, तेव्हा मला फार आनंद झाला होता.

गंगापूरच्या वाचकांसाठी यात एक खास मुद्दा आहे. आपल्या तालुक्यातल्या आणि वैजापूर, पैठणकडच्या गावांना चित्रपट मिळायचे ते टुरिंग टॉकीजमधून. शहरात चालून चालून झिजलेली प्रिंट पत्र्याच्या डब्यांतून तंबूपर्यंत यायची. हजार फुटांचं एक रीळ अकरा मिनिटं चालतं. मशीन एकच असेल तर रीळ संपलं की पडदा पांढरा, ऑपरेटर नवं रीळ चढवेपर्यंत आरडाओरडा. पडद्याच्या एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका, आणि खाली नांगरटीची नाही तर बाजारतळाची माती. या प्रिंट वर्षांच्या क्रमाने येत नसत. जी मोकळी असेल, जी स्वस्त पडेल, ती यायची. म्हणजे एखाद्या गावाने ‘कीमत’ आधी पाहिला असेल आणि ‘फर्ज’ नंतर. त्या गावासाठी खरा ११६ धर्मेंद्र, आणि जितेंद्र त्याच्या जागी आलेला. मुंबईत लिहिलेला चित्रपटांचा इतिहास तारखांवर चालतो, आपल्या भागातला इतिहास डब्यांच्या फिरतीवर चालला. खरा पर्यायी इतिहास तोच, कारण तो कल्पनेतला नाही, लोकांनी प्रत्यक्ष जगलेला आहे.

आणि मराठीचं काय? आपल्याकडे पडद्यावर नसले तरी कागदावर हेर भरपूर होते. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप बसस्टँडवरच्या स्टॉलपासून वाचनालयापर्यंत सगळीकडे पोचला. बाँड नट बदलूनही टिकला याचं कारण फ्लेमिंगची पुस्तकं. पात्र नटाच्या आधी जन्मलेलं होतं, म्हणून ते नटावाचून जगू शकलं. गोपाळला पुस्तकाचा असा आधार नव्हता. कॅप्टन दीपला होता. तरी मराठीत त्याची चित्रपटमालिका झाली नाही. परदेश, पाठलाग, स्फोट या गोष्टी मराठी निर्मात्याच्या खिशाला परवडणाऱ्या नव्हत्या, आणि सत्तरच्या दशकात तमाशापट व दादा कोंडके यांच्यापुढे कोणी एवढा धोका पत्करला नसता.

झाली असती, तर नायक कोण? रवींद्र महाजनी हे पहिलं नाव सगळे घेतील. १९७५च्या ‘झुंज’मुळे ते देखणेपणासाठी घराघरांत माहीत झाले. काशिनाथ घाणेकर आले असते तर पहिल्या प्रवेशालाच शिट्ट्यांनी तंबू उडाला असता, पण हेराला गर्दीत हरवता आलं पाहिजे आणि घाणेकरांना ते कधीच जमलं नसतं. माझं मत अरुण सरनाईकांना. १९७९च्या ‘सिंहासन’मधला त्यांचा मुख्यमंत्री आठवा. सगळे बोलत असतात, हा माणूस ऐकत असतो आणि त्याच्या मनात काय चाललंय हे चेहरा सांगत नाही. हेराचं याहून मोठं भांडवल नाही. समोर निळू फुले असते, तर दोघांनी नुसत्या टेबलावरच्या बोलण्यात थरार उभा केला असता आणि स्फोटांचा खर्चही वाचला असता. सरनाईक १९८४ साली अपघातात गेले.

पुस्तकातून आलेलं पात्र नट बदलूनही जगतं, याचा पुरावा मराठीतच आहे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे दूरदर्शनच्या मालिकेत सुमीत राघवन होता आणि २०१७च्या चित्रपटात अमेय वाघ. दोघांचं वय वेगळं, काळ वेगळा, तरी बनेश फेणे ओळखू येतो. तो हेर नाही, शोध लावणारा पोरगा आहे, पण पात्र नटापेक्षा मोठं झालं की मालिका उभी राहते, एवढं त्याने सिद्ध केलं.

गोपाळचे तिन्ही चित्रपट लागोपाठ पाहण्यासारखे आहेत. शक्य असेल तर ‘कीमत’पासून सुरुवात करा. आणि गंगापूर, लासूर, कायगाव परिसरातल्या ज्येष्ठांना एक विनंती : टुरिंग टॉकीजची जुनी पत्रकं किंवा तिकिटं कोणाच्या ट्रंकेत राहिली असतील, तर ती रद्दीत घालू नका, गावच्या वाचनालयात नेऊन द्या. पुढच्या आठवड्यात गनमास्टर जी-९.