ऑपरेशन झाले, तरी तंगडी वरच!

नर कुत्रा पाळलेल्या घरातल्या गृहिणीची तक्रार बहुधा अशी सुरू होते : "अहो, ऑपरेशन केलं की सगळं थांबेल म्हणून एवढा खर्च केला. टाके निघून दोन महिने झाले, तरी याचं आपलं चालूच! परवा सोफ्याचा पाय, काल गॅसचा सिलिंडर, आणि आज तर पाहुण्यांची बॅग!"

ऐकणाऱ्याला हसू येते, पण सांगणारीच्या ते जिवावर आलेले असते. दहिसरसारख्या उपनगरात घरे लहान. दोन खोल्यांत पाच माणसे आणि सहावा कुत्रा. कोपऱ्यात चार थेंब पडले तरी वास घरभर. सासूबाईंना देवघराची काळजी, यजमानांचा पारा चढलेला, आणि फडका मात्र शेवटी हिच्याच हातात! मग एके दिवशी कुणीतरी म्हणते, "देऊन टाका त्याला कुठेतरी." मुलांची तोंडे एवढीशी होतात. हा लेख त्या वाक्यापर्यंत येऊन ठेपलेल्या घरांसाठी आहे.

मैत्रिणींनो, एक गोष्ट आधीच सांगून टाकते. तुमचे ऑपरेशनचे पैसे वाया गेलेले नाहीत आणि कुत्राही मुद्दाम सूड उगवत नाही. ऑपरेशनने अर्धे काम होते, उरलेले अर्धे घरात करावे लागते. ते जमण्यासारखे आहे. फक्त थोडी चिकाटी हवी.

शू वेगळी, खूण वेगळी

पोट भरून शू आली की कुत्रा जमिनीवर चांगले थारोळे करतो. खूण करताना तसे नसते. आधी तो वस्तू हुंगतो, तंगडी वर करतो आणि उभ्या जागेवर चमचाभर शिंपडून निघून जातो. दाराची चौकट, पडद्याचे टोक, चपलांचा स्टँड, तुळशीची कुंडी या त्याच्या ठरलेल्या जागा. नवी आलेली वस्तू तर हमखास!

ही त्याची चिठ्ठी असते. मी कोण, नर की मादी, इथून केव्हा गेलो, हे दुसरा कुत्रा नुसत्या वासावरून ओळखतो. चिठ्ठी दुसऱ्याच्या नाकाच्या उंचीवर पडावी म्हणून तंगडी वर. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली असे दाखवले की, लहान चणीचे कुत्रे आपली तंगडी मोठ्या कुत्र्यांपेक्षा जास्त वर करतात. जणू आपण आहोत त्यापेक्षा मोठे आहोत असे भासवायचे! घरातल्या चिमुकल्या पॉमेरियनची धार एवढी वर कशी जाते, याचे कोडे यातून थोडे सुटेल.

ऑपरेशनने नक्की काय होते?

दहिसर स्टेशनबाहेर भाजी घ्यायला जाल तेव्हा रस्त्यावरच्या कुत्र्यांचे कान पाहा. ज्याच्या कानाला खाच पाडलेली दिसते, त्याची नसबंदी झालेली असते. मुंबई महापालिकेने १९९४ पासून कुत्रे मारणे सोडून नसबंदीचा मार्ग धरला. पुढे २००१ साली केंद्र सरकारने त्यासाठी देशभराचे नियम केले आणि २०२३ साली ते नव्याने आले. ऑपरेशन करून, रेबीजची लस टोचून कुत्र्याला त्याच्याच गल्लीत परत सोडायचे, ही ती पद्धत. आता असा खाच पाडलेला एखादा नर थोडा वेळ न्याहाळा. स्कूटरच्या चाकापाशी तोही तंगडी वर करतोच! म्हणजे तुमच्या घरात घडते आहे ते काही जगावेगळे नाही.

याचा अभ्यासही झालेला आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी १९७६ साली, मोठ्या वयात ऑपरेशन झालेल्या ४२ कुत्र्यांची पाहणी प्रसिद्ध केली. बाहेर भटकायची खोड दहातल्या नऊ जणांची कमी झाली, पण घरात खुणा करणे सुमारे निम्म्यांचेच कमी झाले. १९९७ साली त्याच विद्यापीठातून ५७ कुत्र्यांची दुसरी पाहणी आली. तिच्यात दहातल्या निदान सहा कुत्र्यांचे खुणा करणे निम्म्याने किंवा त्याहून जास्त घटले. मात्र जवळजवळ पूर्ण बंद व्हावे एवढा फरक शंभरातल्या २५ ते ४० कुत्र्यांतच पडला. आणि एक दिलाशाची गोष्ट : कुत्र्याचे वय किती किंवा खोड किती जुनी, यावर हा फरक अवलंबून नव्हता.

असे का होते? ऑपरेशननंतर अंगातले नरपणाचे संप्रेरक लवकर उतरते. पण हाडी लागलेली सवय लवकर उतरत नाही. काहींच्यात फरक लगेच दिसतो, काहींच्यात काही महिने जातात. शिवाय खूण करण्यामागे नुसते नरपण नसते. भीती, बेचैनी, परक्या कुत्र्याचा वास, यांनीही तंगडी वर होते. माद्यासुद्धा कधी कधी खुणा करतात, मग बोला!

आधी डॉक्टर, मग शिस्त

सवय मोडायला घेण्यापूर्वी एकदा जनावरांच्या डॉक्टरांना दाखवून या. कुत्रा वारंवार थोडी थोडी शू करतो आहे, करताना कुंथतो आहे, लघवीत रक्त दिसते आहे, पाणी खूप पितो आहे किंवा झोपेत अंथरूण ओले करतो आहे, यांपैकी काहीही असेल तर ती खोड नसून दुखणे असू शकते. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, मुतखडा, मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, यांत हेच दिसते. ताज्या लघवीची तपासणी साधी असते. नर कुत्र्याला शू अजिबात होत नसेल तर मात्र संध्याकाळची वाट पाहू नका, त्याच तासाला डॉक्टर गाठा. खडा अडकला असेल तर जिवावर बेतते.

वास गेला तर अर्धी लढाई जिंकली

फेनाईलने पुसले की आपल्या नाकाला बरे वाटते, पण कुत्र्याच्या नाकाला खालचा वास तसाच येतो. चिठ्ठी पुसली गेलेली नसतेच. मग तो तिच्यावर पुन्हा सही करतो! म्हणून असे करा :

ताजी शू आधी जुन्या कापडाने किंवा वर्तमानपत्राने टिपून घ्या. घासू नका, ती आत जिरते. मग साध्या पाण्याने पुसा. त्यावर पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळणारे एन्झाइमचे क्लीनर लावा आणि बाटलीवर लिहिले असेल तेवढा वेळ ओले राहू द्या. लगेच पुसून टाकले तर काहीच उपयोग होत नाही. ते नसेल तर निम्मे पांढरे व्हिनेगर, निम्मे पाणी चालते. पण संगमरवर, कडप्पा आणि शहाबादी फरशीवर व्हिनेगर लावू नका, दगड खातो. तिथे एन्झाइमचेच वापरा. कापडावर आधी कोपऱ्यात लावून रंग जातो का ते पाहा. गादी आणि सोफ्यावर वाळल्यानंतर खायचा सोडा भुरभुरून रात्रभर ठेवा आणि सकाळी झटका.

अमोनियाचे क्लीनर टाळा, त्याला लघवीचाच वास असतो. आणि ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीच लघवीवर टाकू नका, संडासच्या अॅसिडमध्ये तर मुळीच मिसळू नका. विषारी वायू होतो.

जुने डाग सापडत नसतील तर नोटा तपासायची जांभळ्या उजेडाची टॉर्च आणा. रात्री दिवे मालवून भिंतीच्या तळाशी फिरवा. वाळलेली लघवी चमकते. किती जागा निघतील ते पाहून थक्क व्हाल!

मारू नका, नजर ठेवा

मागाहून नाक घासणे, वर्तमानपत्राची गुंडाळी हाणणे, हे आपल्याकडे सर्रास चालते. त्याने कुत्रा एवढेच शिकतो की बाईसाहेबांच्या समोर करायचे नाही. मग तो पलंगाखाली जाऊन करतो. शिवाय भीतीने खुणा वाढतात त्या वेगळ्याच.

त्याऐवजी पहिले चार-सहा आठवडे त्याला नजरेआड होऊ देऊ नका. स्वयंपाक करताना त्याचा पट्टा कमरेला अडकवा किंवा त्याला ओट्याजवळ बसवा. लक्ष द्यायला कुणी नसेल तेव्हा एकाच खोलीत, त्याच्या अंथरुणापाशी ठेवा. तो हुंगत हुंगत वळला, बाजूला सरकला, की ओळखा! टाळी वाजवा, हाक मारा, लगेच बाहेर न्या. बाहेर केले की तिथल्या तिथे शाबासकी आणि बिस्किटाचा तुकडा. घरी येऊन दिलेला तुकडा त्याला कशाबद्दल मिळाला ते कळत नाही.

जिथे तो नेहमी खूण करतो तिथेच, साफ केल्यावर, त्याचे ताट किंवा अंथरूण ठेवा. जेवायच्या आणि झोपायच्या जागी कुत्रा सहसा घाण करत नाही. पाहुण्यांच्या बॅगा, भाजीची पिशवी, चपला काही दिवस उंचावर. खिडकीतून गल्लीतले कुत्रे दिसून हा पेटत असेल तर खालच्या काचेवर कागद लावा.

पोटाला बांधायचा पट्टा शिवून आत पॅड ठेवले तर भिंती वाचतात. पण ते औषध नव्हे. ओले झाले की लगेच बदला, नाहीतर कातडी सोलवटते.

आणि हो, हे सगळे एकटीने करायचे नाही. रात्रीचा फेरा यजमानांचा, दुपारचा मुलांचा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर, जिथे दुधाचा हिशेब लिहिता, तिथेच घरात झालेल्या खुणांचा आकडाही टाका. कुठे, केव्हा, काय झाल्यावर, हे पंधरा दिवसांत कळून येते. आकडा उतरू लागला की घरच्यांचा धीरही वाढतो.

नवे घर, नवी माणसे

दहिसरमध्ये जुन्या इमारती पाडून नव्या उभ्या राहताहेत. कुटुंबे भाड्याच्या घरात जातात, पुढे नव्या टॉवरमध्ये परततात. माणसांचे डोके फिरते, तिथे कुत्र्याचे काय! भाड्याच्या घरात पूर्वीच्या कुणाचा कुत्रा असेल तर तुमचा नर पहिल्या दिवशीच उत्तर लिहायला घेईल. म्हणून सामान हलवण्यापूर्वी भिंतींचा तळ आणि चौकटी एन्झाइमच्या क्लीनरने पुसून घ्या. पहिला आठवडा त्याला एकच खोली द्या. त्याचे जुने अंथरूण न धुता तसेच न्या, आपला वास त्याला धीर देतो. जेवणाच्या आणि फिरण्याच्या वेळा मात्र एका मिनिटाने बदलू नका.

घरात बाळ येणे, गणपतीची वर्दळ, दिवाळीचे फटाके, यांतही खुणा वाढतात. बेचैनी फारच असेल तर डॉक्टर त्यावर औषधे देतात. माणसांच्या गोळ्या आपल्या मनाने देऊ नका.

पावसाळ्यात विशेष जपा

लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदीर, गुरे आणि कुत्रे यांच्या लघवीतून साचलेल्या पाण्यात जातात आणि पायाच्या जखमेतून आपल्या अंगात शिरतात. २६ जुलै २००५ च्या प्रलयात दहिसर नदीकाठच्या वस्तीत पाणी भरले होते, आणि त्या पुरानंतर मुंबईत लेप्टोची साथ आली होती. कुत्र्याला दरवर्षी लेप्टोची लस टोचून घ्या, त्याला साचलेले पाणी पिऊ देऊ नका आणि शू पुसताना हातमोजे घाला. रांगते मूल असलेल्या घरात तर हे हवेच.

सोसायटीशी भांडण नको

भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सोसायटीला कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. पण हक्क सांगणाऱ्याच्या हातात पाण्याची बाटली असली तर तो हक्क शोभून दिसतो. लिफ्टच्या कोपऱ्यात त्याने खूण केली तर शेजारणीने बोट दाखवण्याआधी आपणच पुसून मोकळे व्हावे. जिना आणि लिफ्टमधून नेताना पट्टा आखूड धरा, हुंगायला थांबू देऊ नका. गेटबाहेर, ठरलेल्या जागी, हवे तेवढे हुंगू द्या. चिठ्ठ्या लिहायची त्याची हौस तिथे भागली तर घरातला कागद कोरा राहतो.

"देऊन टाका कुठेतरी" म्हणणाऱ्यांना एक सांगा. पाळलेला प्राणी वाऱ्यावर सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे गुन्हा ठरू शकतो. आणि दहिसरच्या उशालाच राष्ट्रीय उद्यान आहे. बिबट्याच्या भक्ष्यात कुत्र्याचा नंबर बराच वरचा. पंख्याखाली झोपणारा, हाक मारली की शेपूट हलवणारा प्राणी तिथे किती रात्री काढील?

तेव्हा आधी डॉक्टर, मग क्लीनर, मग दोन महिन्यांची नजर. बहुतेक घरांत आकडा उतरतो. कुठे शून्यावर येतो, कुठे महिन्याला एखाद्या खुणेवर थांबतो. त्या एका खुणेसाठी एक फडका आणि एक बाटली मोरीत हाताशी असू द्या, म्हणजे झाले.